देऊन टाका

आपल्या मराठीत एक चमत्कारिक क्रियापद आहे : ‘देऊन टाकणे’. देणं आणि टाकणं ही खरं तर एकमेकांच्या उलट कामं. देणारा समोरच्याच्या हाताकडं बघतो, टाकणारा मान फिरवतो. पण आपण दोन्ही एकाच जुवाला जुंपली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ‘सायकल पडून हाय, देऊन टाक कुनाला तरी.’ ‘लेकराचं सदरं आखूड झालं, देऊन टाक.’ या बोलण्यात देणं किती आणि टाकणं किती, हे कुणी काट्यावर घालून बघत नाही. मला मात्र बघावंसं वाटतं. कारण आजकाल घराघरात वस्तूंचा ढीग वाढलाय, आणि ढीग कमी करायच्या खटपटीलाच आपण दान म्हणायला लागलोय.

आमचं गाव औसा तालुक्यात. मास्तरकीनं मला नांदेडला नेलं आणि तिथंच घर झालं, पण वस्तूंशी वागायची सवय गावानं लावली. गावात वस्तू जुनी झाली की तिचं काम बदलायचं, एवढंच. मायचं इरकली लुगडं घ्या. नेसून नेसून मधे विरलं की मधला भाग कापून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला ‘दंड घालणं’ म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं शेतात चालायचं. मग त्याची लेकराला झोळी. झोळी फाटली की वाकळेच्या पोटात एक थर. वाकळ चिंध्या झाली की त्यातलं फडकं चुलीपाशी, त्याचं पुढं पोतेरं, आणि पोतेरं कुजलं की उकिरड्यावर. उकिरडा बैलगाडीनं रानात. म्हणजे लुगडं शेवटी ज्वारीच्या ताटात जायचं. काठ फुटलेल्या रांजणात जनावरांची सरकी भिजायची. मोटेचं फाटकं चामडं वहाणांच्या तळव्याला लागायचं. यात आमचा काही मोठेपणा नव्हता. गरिबी होती. पण गरिबीनं एक गोष्ट आपसूक केली होती : वस्तूचा शेवट आमच्या डोळ्यांसमोर व्हायचा. ती कुठं गेली हे ठाऊक असायचं.

नांदेडच्या घरात पोटमाळा आहे. त्यावर काय काय आहे, ते सांगतो. बंद पडलेला मिक्सर. चेन गेलेल्या तीन बॅगा. वास्तुशांतीला आलेली चार घड्याळं, चारीही एकाच आकाराची. लेकीच्या अकरावीच्या वह्या. रंगाचे रिकामे डबे. फुगलेल्या बॅटरीचे दोन मोबाइल. यातली एकही वस्तू कुजून ज्वारीत जाणार नाही. लेक पुण्याहून दिवाळीला येते तेव्हा दरसाल म्हणते, ‘‘बाबा, जे वर्षभर हातात घेतलं नाही, ते घरात ठेवायचंच नाही.’’ जपानच्या मारी कोंडो म्हणून कुणी बाई आहेत, त्यांचं तिनं मला समजावून सांगितलं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का बघायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. मला ते आभार मानणं आवडलं. आमच्याकडं पोळ्याला बैलांना खांदेमळणी करतात, त्यातलंच ते. पण वर्षाचा हिशेब मला पटला नाही, आणि त्याला कारण आहे.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. तिच्या गच्चीवर प्लास्टिकचे चार ड्रम, गॅलरीत सात घागरी, मोरीत दोन पिंप. बघणारा म्हणेल, काय ही अडगळ! २०१६ चा उन्हाळा बघितलेला माणूस तसं म्हणणार नाही. त्या एप्रिलात मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची रेल्वे लातूरला आली. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. टँकर कधी येईल, किती दिवसांनी येईल, याचा भरवसा नसायचा. आला की जेवढी भांडी तेवढं पाणी. त्या वेळी ज्या घरात अडगळ नव्हती, त्या घरात पाणी नव्हतं. आमच्या भागात वस्तूचं वर्ष पाडव्याला सुरू होऊन पाडव्याला संपत नाही. ते एका दुष्काळापासून दुसऱ्या दुष्काळापर्यंत मोजावं लागतं. म्हाताऱ्या बाया बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगत मूठभर ज्वारीसुद्धा गाडग्यात झाकून ठेवायच्या. त्यांना ‘साठवायची हौस आहे’ म्हणून हसणाऱ्यानं आधी त्यांची भूक बघायला हवी होती.

तर साठवणं हा काही गुन्हा नाही. पण साठवणुकीचंही ओझं असतं, आणि ते कसं अंगावर येतं हे आम्ही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे बघितलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली, बावन्न गावं मुळातून उठवून दुसरीकडं वसवावी लागली. माणसं मेली ती घराखाली. आमच्याकडची माळवदं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडाचं छत, आणि छतावर मातीचा थर. माळवद गळायला लागलं की जुनी माती तशीच ठेवून वर नवी माती टाकायची रीत. बाप टाकायचा, लेक टाकायचा, नातू टाकायचा. जुनी उतरवायची कुणाच्या मनातच यायची नाही. फूट-दोन फूट मातीचं ओझं डोक्यावर घेऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सुखानं झोपत होतो. उन्हाळ्यात घर गार राहायचं म्हणून त्याचं कौतुकच होतं. आमच्या गावात भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. पण त्यानंतर कितीतरी वर्षं दादा माळवदाकडं बघून म्हणायचे, ‘‘वरची माती उतरवाय पायजे व्हती रं. नुस्ती घालतच गेलो आपन.’’

त्याच दिवसांत मी दुसरा एक ढीग बघितला. भूकंपानंतर चार-पाच दिवसांनी आम्ही काही मास्तर मिळून त्या भागात गेलो होतो. मदत साऱ्या देशातून येत होती, परदेशातूनही. भाकरी बांधून पाठवणाऱ्या खेड्यांपासून डॉक्टरांच्या तुकड्यांपर्यंत तिचं मोल फार मोठं, ते कुणी विसरणार नाही. पण एका गावाच्या रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचा डोंगर पडला होता. ट्रक यायचा, गठ्ठे ढकलायचा, निघून जायचा. पावसानं सगळं भिजलेलं. त्यात कोट होते, टाय होते, कुठल्याशा शाळेचे गणवेश होते, बायकांचे गाऊन होते, एका पायाचे बूट होते. आणि गावातल्या बाया लुगडं नेसणाऱ्या. एक म्हातारी त्या ढिगाकडं पाठ करून बसली होती. आमच्यातल्या एकानं तिला एक स्वेटर काढून दिला. तिनं तो मांडीवर घेतला, घडी घातली, परत ढिगावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘बापू, धडपं लई झाले. माजं जातं निगतंय का बगा की त्या मातीतून.’’

तिच्या त्या बोलण्यात राग नव्हता. पण मला वाटतं, वस्तू पुढं देण्याविषयीचा सगळा प्रश्न त्यात आला. पाठवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. बातमी ऐकून त्यांचा जीव कळवळला असणार. पण कळवळा आला आणि हात गेला तो कपाटात नको असलेल्या खणाकडं. म्हातारीला काय पाहिजे हे विचारलं गेलं नाही, कारण मदतीची सुरुवात तिच्या गरजेपासून झालीच नव्हती, आपल्या कपाटापासून झाली होती. आणि उघड्यावर बसलेल्या माणसानं ‘नको’ म्हणायचं तरी कुणाला? ट्रक तर निघून गेलेला. पुढं २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्तोरस्ती असेच कपडे पडल्याचं वाचलं, तेव्हा कळलं की ही खोड एका प्रांताची नाही.

नको म्हणता न येण्याची गोष्ट आमच्या गावात फार जुनी आहे. तिला ‘उतरण’ म्हणत. आपण अंगावरून उतरवलेलं ते उतरण. गावकीची कामं करणाऱ्या दलित घरांना ते दिलं जायचं. दिलं जायचं म्हणजे वरून टाकलं जायचं, हाताला हात लागू नये म्हणून. शिळी भाकरी, उतरलेलं धडपं, एवढंच काय, मढ्यावरचं कापडसुद्धा त्यांच्या हक्काचं म्हणून ठरवलेलं. हक्क कसला? जे कुणालाच नको ते घ्यावं लागण्याचा हक्क! आणि देणारं घर मात्र संध्याकाळी देवापुढं बसताना दानधर्म घडला म्हणून समाधानी.

मी चौथी-पाचवीत असेन. सुगीच्या दिवसांत आमच्याकडं कामाला येणाऱ्या एक काकू होत्या, त्या वेळच्या महारवाड्यात राहणाऱ्या. आजीनं सणाआधी धडप्यांचं गाठोडं बांधून ओट्याच्या कडेला ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाली, ‘‘ने गं ते.’’ काकूंनी गाठोड्याला हात लावला नाही. पदर सावरून त्या शांतपणानं म्हणाल्या, ‘‘आजी, धडपं नगं आता. सुगीचं काम केलंय, त्याची दोन पायली ज्वारी वाढवून द्या.’’

आजीला हे फार लागलं. ‘‘लई शानी झाली,’’ असं ती दिवसभर पुटपुटत होती. तीन दिवस ते गाठोडं ओट्यावर तसंच पडून होतं. कुणी उचलायला तयार नाही. घरातलं कुणी उचलावं तर ते आता आमचं राहिलेलं नव्हतं, आणि बाहेरचं कुणी घेणार नव्हतं. चौथ्या दिवशी मायनं ते आत नेलं आणि त्याची वाकळ शिवायला घेतली. दादांनी ज्वारी दोन पायली वाढवून दिली.

‘नको’ हा शब्द त्या काकूंनी ज्यांच्याकडून घेतला होता, ते नाव मला पुढं शाळेत कळलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना शिळे-उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं. महाड कोकणात, आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या ओट्यापर्यंत ते सांगणं पोचायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली, पण पोचलं. चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क सगळ्यांना आठवतो. त्याच्याच शेजारी हा दुसरा हक्क उभा आहे : जे दिलं जातंय ते नाकारण्याचा. पहिला मिळाल्यावर माणूस तहान भागवतो. दुसरा मिळाल्यावर तो देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलतो.

हा विचार काही आजचा किंवा बाहेरून आलेला नाही. कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट आपल्या कीर्तनांतून कैक वेळा ऐकलेली असते. आपण ती यमाच्या संवादासाठी ऐकतो आणि तिची सुरुवात विसरतो. नचिकेताच्या बापानं मोठा यज्ञ मांडला, सर्वस्व दान करायचं ठरवलं. आणि दानाला गाई कुठल्या काढल्या? दूध आटलेल्या, वासरू न होणाऱ्या, चाराही धड न खाता येणाऱ्या. म्हणजे गोठा रिकामा करायचा, खाणं वाचवायचं आणि पुण्य पदरात पाडून घ्यायचं. ते बघून पोराच्या पोटात कालवलं. त्याला वाटलं, असं देणाऱ्याचं कधी भलं व्हायचं नाही. म्हणून तो बापाला विचारायला लागला, मग मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडला आणि म्हणाला, तुला यमाला दिलं. आपल्या तत्त्वज्ञानातली एवढी मोठी चर्चा, मरणापलीकडं काय आहे इथपर्यंत जाणारी, ती सुरू झाली भाकड गाई दान करण्यावरून! शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. भाकड गाय घरी आणली की तिला आधी वैरण लागते. ज्याला दिली, त्याच्या डोक्यावर खर्च दिला.

मग जुनं द्यायचंच नाही का? तसं नाही. जुन्याला किंमत असते, हे आम्हाला भांडेवालीनं शिकवलं. काही जण तिला बोहारीण म्हणतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं, दुपारच्या निवांत वेळेला हाळी. माय आणि ती ओट्यावर समोरासमोर बसत. माय साड्या पुढं करायची. भांडेवाली एकेक साडी उजेडाकडं धरायची, दोन्ही हातांनी ताणून बघायची आणि निवाडा द्यायची. ‘‘ही इरली माय. हिचं काय करू?’’ ‘‘ह्याच्या काठाला जर न्हाई.’’ नको ते बाजूला काढायची. माय पातेल्याला बोट लावून म्हणायची, ‘‘लई पातळ हाय गं तुजं पातेलं.’’ तासभर घासाघीस. शेवटी चार साड्या, एक पँट आणि वर दादांचं धोतर अशावर पातेलं ठरायचं. पाणी पिऊन ती उठायची तेव्हा दोघींनाही वाटायचं की आपण थोडं जास्तच दिलं.

लोक भांडेवालीकडं कमीपणानं बघतात, पण मला तो व्यवहार अनेक दानांपेक्षा स्वच्छ वाटतो. तिथं कुणी कुणाच्या उपकाराखाली नाही. जुन्या कपड्याला किंमत आहे हे ती सांगते आणि कशाला नाही हेही सांगते. तिच्या हातातून तो कपडा धुऊन, शिवून, इस्त्री होऊन कुणाच्या तरी अंगावर जातो, आणि घेणारा तो बाजारात पैसे मोजून, पारखून घेतो. अगदीच फाटका असेल तर गॅरेजात पुसायला जातो. जुन्या लोकरी कपड्यांचा तर देशात मोठा बाजार आहे. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण आजच्या पानिपतात जगभरातले जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचं सूत काढतात आणि त्याची स्वस्त कांबळी विणतात. आपत्तीच्या वेळी वाटली जाणारी कितीतरी कांबळी त्याच गावची. म्हणजे एकाचा जुना कोट दुसऱ्याला थंडीत पांघरायला मिळू शकतो. पण त्यासाठी मधे निवडणारा हात लागतो, धुणारा लागतो, पिंजणारा, विणणारा लागतो. कोट ट्रकमधून ढकलला म्हणजे त्याचं कांबळं होत नाही.

आता आजूबाजूला बघितलं तर नको म्हणता येत नाही अशा ठिकाणीच आपण वस्तू सरकवतो. लग्नातला आहेर बघा. टॉवेल, टोपी, झंपरचं कापड. ते कापड कुणी शिवत नाही, कारण ते शिवण्यासाठी विणलेलंच नसतं. ते या लग्नातून त्या लग्नात, त्या बारशातून या तेराव्यात फिरत राहतं. आमच्या वहिनीला एकदा तिनंच दिलेलं कापड तीन वर्षांनी परत आलं. कोपऱ्याला तिनं घातलेली निळी गाठ तशीच होती! सगळे हसलो. पण हसण्यासारखं त्यात एवढंच, की इतक्या घरांत ते गेलं आणि एकाही घराला ‘आमाला नको’ म्हणता आलं नाही. संक्रांतीच्या वाणाचंही तसंच होत चाललंय. पूर्वी ऊस, हरभरा, बोरं असायची, खाऊन संपायची. आता प्लास्टिकच्या डब्या. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापणारी माणसं मला धीराची वाटतात.

इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या शेवटी कुणीतरी एका भिंतीला खुंट्या ठोकल्या. नको असेल तर इथं अडकवा, लागत असेल तर घेऊन जा. पुढच्या वर्षी आपल्याकडं ‘माणुसकीची भिंत’ म्हणून ती कल्पना गावोगाव पसरली. कल्पना चांगलीच आहे. घेणाऱ्याला कुणापुढं हात पसरावा लागत नाही, निवडता येतं, नको ते तिथंच ठेवता येतं. पण एका तालुक्याच्या गावी मी अशी भिंत दोन वर्षांनी बघितली. खाली फाटक्या गाद्यांचा ढीग, कुत्री बसलेली. ज्या भिंतीपाशी रोज येऊन कपडे घडी घालणारं, नको ते परत नेणारं माणूस असतं, ती टिकते. माणूस गेलं की राहते नुसती भिंत.

नको न म्हणू शकणाऱ्यांत सगळ्यात मोठी गोदावरी. नांदेडला गोवर्धन घाटावर सकाळी फिरायला जावं तर पायऱ्यांवर काचा फुटलेल्या देवांच्या तसबिरी, जुन्या पोथ्या, वाळलेले हार. पिंपळाच्या पारावरही तेच. ज्या देवापुढं पंचवीस वर्षं दिवा लावला, त्याला कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, हे मी समजू शकतो. ती भीती नाही, माया आहे. पण मग माया असेल तर थोडे कष्ट घ्यावेत. काच काढून वेगळी द्यावी. लाकडी चौकट कामाला येते. कागद घरच्याच झाडाच्या आळ्यात पुरावा. तेवढं आपल्या हातानं केलं तर निरोप दिल्यासारखं होतं. नदीत सोडलं की आपल्या डोळ्यांआड होतं, एवढंच. ते खालच्या गावाच्या डोळ्यांसमोर येतं.

माय गेली आणि जुनं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा हे सगळे प्रश्न आमच्यापुढं एकदम येऊन बसले. थोरल्या भावानं शेतात नवं घर बांधलेलं. जुनं माळवद उतरवायचं ठरलं होतं. तेरावं झाल्यावर आम्ही भावंडं तीन दिवस थांबलो. पहिल्याच सकाळी वहिनी म्हणाली, ‘‘त्यात काय बगायचं? देऊन टाका कुनालाबी.’’ भाऊ फार शिकलेला नाही. तो ओट्यावर तंबाखू मळत म्हणाला, ‘‘इचारल्याबिगर कुनाच्या दारात काईबी न्यायचं न्हाई. आन जे आपुन वापरू शकत न्हाई, ते दुसऱ्याला वापर म्हनायचं न्हाई.’’

एवढ्या दोन नियमांवर ते घर रिकामं झालं. वेळ मात्र लागला. मायच्या आजारपणात आणलेली चाकाची खुर्ची आणि हवेची गादी यांचा सगळ्यात आधी निकाल लागला. गल्लीतल्या एका घरात म्हातारे अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या मुलानं आपण होऊन विचारलं. भावानं धुऊन, चाकाला तेल घालून दिली आणि सांगितलं, ‘‘आमाला परत नगं. तुमचं काम झालं की फुडल्याला द्या.’’ उरलेली औषधं कुणाला द्यायची नाहीत, हे लातूरच्या बहिणीनं बजावलं. दुसऱ्याच्या नावची गोळी कुणी गिळू नये. तांब्याचं घंगाळ आणि चेपलेल्या घागरी मोडीत गेल्या, वजनावर पैसे आले, ते गावच्या शाळेतल्या पोरांच्या वह्यांना लावले. लोखंडी खाट एका गड्याला विचारली. तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, ‘‘राग मानू नगा. माय त्याच्यावर गेल्या. आमच्या घरात न्हाई चालनार.’’ भाऊ म्हणाला, ‘‘राग कशाचा? बरं झालं सांगितलास.’’ खाट भंगारात गेली. त्याच्या मनातलं बरोबर की चूक, हा प्रश्नच नव्हता. त्याचं घर, त्याचं ‘नको’.

जातं कुणालाच नको होतं. दळण गिरणीवर जातं, दगड कोण सांभाळणार? दोन दिवस ते अंगणात होतं. मग वरच्या आळीतल्या एक काकू आल्या. गावात लग्नाची हळद दळायला अजून जातं लागतं, आणि धड जाती गावात दोनच उरलेली. त्या म्हणाल्या, ‘‘माज्या ढेलजेत ठिवा. ज्याला लागंल तो येईल.’’ आता ते एका घराचं नाही, गावाचं झालं.

साड्या उरल्या. तीस वर्षं मायबरोबर खुरपायला जाणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना बोलावून सगळ्या साड्या पुढं मांडल्या. त्यात आम्ही भावंडांनी घेतलेल्या, घडी न मोडलेल्या चार-पाच होत्या. मावशींनी त्या बाजूला सारल्या आणि तळातून एक विटकी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली. ‘‘नवी नगं,’’ म्हणाल्या, ‘‘ही द्या. ह्याला तिचा वास हाय.’’

जुनंच लुगडं आजीच्या गाठोड्यात होतं आणि जुनंच लुगडं मावशींनी उचललं. कापडात फरक काहीच नव्हता. एका ठिकाणी ते अंगावर टाकलं जात होतं, दुसऱ्या ठिकाणी ते मागून घेतलं गेलं. मावशींना विचारलं होतं. त्यांना निवडता आलं, आणि एकही न घेता उठून गेल्या असत्या तरी उद्या रामराम तसाच राहिला असता. वस्तू चांगल्या हाती गेली की नाही, हे ओळखायची मला यापेक्षा सोपी खूण माहीत नाही.

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाकडं आहे? शहरात शेजारी कोण राहतो हे माहीत नसतं, विचारायचं कुणाला? खरं आहे. पण हा वेळ म्हणजेच देण्याची किंमत आहे. वस्तूचे पैसे आपण घेताना मोजले, ते तर वापरून वसूल झाले. देताना खर्च करण्यासारखं आपल्याकडं उरतं ते एवढंच : धुणं, बटण लावणं, चार ठिकाणी विचारणं, स्वतः नेऊन पोचवणं आणि कुणी नको म्हणालं तर मुकाट्यानं परत आणणं. तेही द्यायचं नसेल तर मग आपण काय दिलं? आणि चार ठिकाणी विचारून कुणालाच नको असेल तर ती वस्तू आपलीच आहे. तिचं ओझं नदीवर नाही, भूकंपातल्या म्हातारीवर नाही, धुणंभांडी करणाऱ्या बाईवर तर नाहीच नाही. काच, लोखंड, बॅटरी वेगवेगळं करून ज्याच्या त्याच्या ठिकाणी पोचवायचं कामही आपलंच. असं एकदा मनापासून केलं की पुढच्या वेळी दुकानात उभं राहिल्यावर हात आपोआप जरा सावकाश पुढं जातो.

टाकायला माझा विरोध नाही. जगात काही वस्तू टाकाव्याच लागतात, माळवदावरची माती उतरवावीच लागते. फक्त टाकायचं असेल तर सरळ ‘टाकतोय’ म्हणावं. त्याला दान म्हणू नये.